एकदाच दाबलेलं बटण

लाकूड वाळवायच्या भट्टीचं दार लागलं, कुलूप पडलं, पंखे सुरू झाले. सगळं वेळापत्रकाप्रमाणे. मामा अजून आतच आहेत, एवढंच वेळापत्रकाला ठाऊक नव्हतं.

भाची घाबरली नाही. आत लाल बटण होतं. ते दाबलं की भट्टी चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला इंटरप्ट, म्हणजे तातडीची हाक, जाणार आणि तो हातातलं काम टाकून आधी दार उघडणार. प्रोग्राम तिनेच लिहिलेला, त्यामुळे शंकेला जागा नव्हती.

मिनिट गेलं. दार ढिम्म.

थर्मामीटरची तार आत जाते त्या भोकाला तिने तोंड लावलं. "मामा, बटण दाबा!"

"दाबलं की मगाशीच. एकदा."

मामा जन्मभर मिस्त्री, पण कुठलंही बटण एकदाच दाबायचे. दोनदा दाबणं त्यांना उद्धटपणा वाटे. लोकांच्या दारातही एकदाच बेल वाजवून उभे राहायचे, आणि कुणी आलं नाही तर हसतमुखाने घरी परतायचे.

पडद्यावर चौपन्न अंश. जायचं होतं सत्तरला.

तेवढ्यात डिस्क कुरकुरली आणि भाचीला आपली चूक कळली.

कॉम्प्युटर जुना. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम मेमरीच्या तळमजल्यावरच वावरणारी. जिने चढणं तिला जमत नसे. भाचीचा प्रोग्राम मोठा, म्हणून एक्स्टेंडर नावाचा मदतनीस प्रोग्राम लावून त्याला वरच्या मजल्यावर बिऱ्हाड थाटून दिलेलं. पण दर मिनिटाला तापमान डिस्कवर लिहायचं, तर प्रोसेसरने नवा मोड सोडून जुन्या मोडमध्ये, म्हणजे खाली, उतरायचं. डिस्क म्हातारी. एका नोंदीला चाळीस सेकंद.

आणि बटणाची हाक ऐकणारा माणूस, म्हणजे प्रोग्रामचा तेवढा तुकडा, भाचीने फक्त वरच्या मजल्यावर बसवला होता. प्रोसेसर खाली असताना आलेली हाक खालीच जाई. तिथे कुणीच नव्हतं.

एकोणसाठ. तिने कीबोर्डवर हात आपटले. भट्टी चालू असताना कुणी लुडबुड करू नये म्हणून कीबोर्ड तिनेच बंद ठेवला होता. प्लग उपटला तर बटणही मरणार आणि कुलूप तसंच राहणार. ही खबरदारीही तिचीच.

"मामा, परत दाबावं लागेल!"

"अगं, करत असेल काम. घाई कसली?" आवाज बारीक झाला होता. "जरा उकडतंय मात्र."

"मी आता म्हणेन, तेव्हा दाबा. तुम्हाला माझी शपथ!"

"बटणासाठी शपथ?"

डिस्कचा दिवा लालच. बासष्ट. भोकाला तोंड लावून तिने दिव्यावर नजर खिळवली.

दिवा विझला.

"आता! मामा, आता!"

खट्. दार उघडलं. मामा भिंतीला धरून बाहेर आले, टोमॅटोसारखे लाल.

"पहिलं दाबलेलं गेलं कुठे?"

"खाली. तिथे कुणी नव्हतं."

"मग बसव कुणीतरी."

तिने दोन्ही मजल्यांवर माणूस बसवला. काम सहा ओळींचं, पण प्रत्येक ओळ तीनदा तपासता तपासता दुपार झाली. मामा टॉवेल खांद्यावर टाकून उठले. "चल, जातो आत. तपासून घे."

"बसा तिथेच. मी जाते."

दार लागलं. अंधारात तिने भोकाला कान लावला. डिस्क कुरकुरू लागेपर्यंत थांबली, आणि सगळ्यात वाईट क्षण गाठून बटण दाबलं. एकदाच.

खट्.

बाहेर मामा उभे. "झालं ना? चल, सोड आता ते बटण."

तिला सोडायचंच होतं. बोटं ऐकेनात.