रिकामी असले तरी उघडून बघा

मित्रांनो, दचकू नका. मी एक रायफल आहे, म्हातारी आणि मुकी. माझ्यातून आता गोळी सुटत नाही, कारण ठिणगी पाडणारी माझी पिन क्लबवाल्यांनी काढून टाकली आहे. तुम्ही म्हणाल, मग हिचं चरित्र कशाला ऐकायचं? तरीही मी सांगणार आहे, आणि तुम्ही ऐकणार आहात.

माझी नळी पोलादाची, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. कारखान्यातून निघाले ती न्यूझीलंडमधल्या पाहियाटुआजवळच्या एका मेंढपाळाच्या घरी आले. ससे कुरणं खाऊन टाकत. मालक मला खांद्यावर टाकून पहाटेच्या दहिवरातून निघायचा. घरी आल्यावर तेल लावून पुसायचा आणि पाहुण्यांना सांगायचा, "हिचा नेम चुकत नाही." तेव्हा मी फुगून जायचे. पुढे त्याचे गुडघे गेले आणि मी धुण्याच्या खोलीत दारामागे उभी राहिले. माझ्या नळीत कोळ्यानं घर केलं. एकदा त्याच्या मेहुण्यानं मला उचललं आणि "रिकामी आहे रे" म्हणत चाप ओढला. स्वयंपाकघराच्या छताला भोक पडलं. खाली बसलेली मालकाची म्हातारी बायको वाचली, ही देवाची कृपा. सगळे मलाच शिव्या देऊ लागले. मी विचारते, "रिकामी आहे" असं कोण म्हणालं होतं? मी? मी तर जन्मात एक शब्द बोललेली नाही.

मालक गेल्यावर त्याच्या मुलीनं मला पामर्स्टन नॉर्थबाहेरच्या एका नेमबाजी क्लबाला देऊन टाकलं. तिथे मी शिकवायच्या कामाला लागले. आणि तिथेच मला सुरुची भेटली.

सुरुची पुण्याची. कॉलेजात एन.सी.सी.त नेमबाजी केलेली, इथे दुधाच्या प्रयोगशाळेत नोकरी. बंदूक सुरक्षितपणे हाताळायला शिकवणाऱ्या प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र तिला नुकतंच मिळालं होतं. पण कागद मिळाला म्हणजे वर्ग मिळतोच असं नाही. क्लबाचा मुख्य प्रशिक्षक टेरी, राखाडी दाढीचा, थोडक्यात बोलणारा. त्यानं सांगून टाकलं, "पहिला क्लास मी मागे बसून बघणार. जमला तर उन्हाळ्यापर्यंतचे सगळे क्लास तुझे. नाही जमला तर तू चहाचं बघ."

सुरुचीला नेम धरता यायचा, चार माणसांपुढे बोलायला मात्र ती बिचकायची. ती रिकाम्या हॉलमध्ये मला टेबलावर ठेवून सराव करायची. सोबतीला तिचे सासरे बाळासाहेब. ते सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले. तरुणपणी ते साताऱ्यात कीर्तनाला झांज धरायचे, आणि अजूनही बोलता बोलता त्यांची बोटं मांडीवर ताल धरत.

"सूनबाई, नियम वाचून दाखवू नकोस," ते म्हणाले. "बुवा काय करतात? आधी निरूपण, मग गोष्ट, आणि मधे मधे ध्रुवपद. ध्रुवपद श्रोत्यांकडूनच म्हणवून घ्यायचं. घरी जाताना बाकी सगळं विसरेल माणूस, ध्रुवपद ओठांवर राहतं."

"बाबा, बंदुकीच्या क्लासात कीर्तन?"

"का? जीव वाचवायचीच तर गोष्ट आहे दोन्हीकडे."

खंडेनवमीला त्यांनी माझ्या दस्त्याला हळदकुंकू लावलं. सुरुचीनं विचारलं, "बाबा, हात लावायच्या आधी बोल्ट उघडून पाहिलात?" ते वरमले. त्यांनी माझा बोल्ट, म्हणजे गोळी बसते त्या जागेवरचा सरकता दांडा, मागे ओढून आत बघितलं आणि मगच फूल वाहिलं. मला ती पूजा फार आवडली. माझं कौतुक करणारे पुष्कळ पाहिले, पण आधी तपासून हात जोडणारा हा पहिलाच.

क्लासला मराठी मंडळींचा गट आला. शिकारीचा बेत होता आणि पुढाकार मकरंददादांचा. त्यांची ओळख करून द्यायलाच हवी. सुरुची आणि तिचा नवरा या देशात उतरले तेव्हा विमानतळावर घ्यायला हेच आले होते. पहिले तीन महिने ती दोघं यांच्याच घरी राहिली, आणि नवऱ्याला नोकरीही यांच्याच ऑफिसात लागली. माणूस दिलदार. त्यामुळे त्यांच्या शब्दाला मान होता, आणि तो मान घ्यायची त्यांना सवय होती.

सुरुचीनं सुरुवात केली. पहिली दोन वाक्यं अडखळली. मग तिनं टाळी धरली.

"आधी उघडा, आत बघा, मगच विश्वास ठेवा हो!"

मंडळी हसली, पण म्हणू लागली. मागे बाळासाहेबांनी खुर्चीच्या पाठीवर ताल धरला. टेरीला मराठी कळत नव्हतं. मधल्या सुट्टीत तो म्हणाला, "सुरुची, हा सेफ्टीचा क्लास आहे की चर्चमधला क्वायर?"

"दोन्ही," ती म्हणाली. "चहा घेतोस?"

दुपारी परीक्षा. सुरुची आत बघून, बोल्ट मिटून मला एकेकाच्या हाती देणार. घेणाऱ्यानं माझी नळी गोळी अडवणाऱ्या मातीच्या भिंतीकडे ठेवून बोल्ट उघडायचा, आत बघायचं, बोट घालून चाचपायचं. एवढंच. मकरंददादांच्या पत्नी कल्याणीवहिनींनी नीट केलं. मग दादांची पाळी.

त्यांनी मला दोन्ही हातांनी घेतलं, प्रसाद घेतात तसं. आणि घेऊन उभे राहिले.

"दादा, बोल्ट," सुरुची म्हणाली.

"अगं, आत्ता तूच बघितलीस की माझ्यासमोर."

"हो. आता तुम्ही बघा."

"काहीतरीच. तू दिलीस आणि मी उलटून बघायची? असं वागतात का घरच्या माणसाशी? धर, रिकामी आहे." आणि त्यांनी मला तिच्या हातात परत ठेवलं.

मित्रांनो, चूक कळली ना? दादा आळशी नव्हते, बेफिकीरही नव्हते. आपल्या माणसानं दिलेली वस्तू तपासणं म्हणजे त्याचा अपमान, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. लग्नातल्या आहेराचं पाकीट आपण समोर फोडत नाही, तसंच. चांगल्या घरातली चांगली सवय. पण माझ्यापुढे ती चालत नाही.

सुरुचीनं त्यांच्या डोळ्यांदेखत माझा बोल्ट उघडला.

"माझ्या शब्दावर भरवसा नाही?" दादांचा चेहरा लाल झाला.

"नाही, दादा. ही हातात असताना कुणाच्याच नाही."

"मग सांग, काय निघालं आत?"

"काही नाही. रिकामीच आहे."

"बघ! म्हणजे मी बरोबर होतो."

"रिकामी आहे, पण तुम्ही पास नाही."

मी खरोखर रिकामी होते. म्हणून तर सांगते, त्या मुलीची हिंमत केवढी! आत काडतूस निघालं असतं तर कुणीही तिचीच बाजू घेतली असती. इथे काहीच निघालं नव्हतं, आणि तरी ती हटली नाही.

"एअरपोर्टवर तुम्हाला घ्यायला कोण आलं होतं, आठवतं का?" दादा हळू आवाजात म्हणाले.

सुरुचीचे डोळे भरले, आवाज मात्र भरला नाही. "तुम्हीच. जन्मभर विसरणार नाही. आणि रानातून तुम्ही धड घरी यावं म्हणूनच नाही म्हणतेय. पुन्हा करून दाखवा, लगेच सही करते."

"एवढ्या लोकांत? मुळीच नाही." ते टेरीकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "तुम्ही सीनियर आहात. हिला समजवा."

टेरीनं दाढी खाजवली. शब्द कळले नसले तरी उघडलेला बोल्ट त्यानं पाहिला होता. "क्लास तिचा आहे, मित्रा," तो म्हणाला. "या हंगामातले सगळेच तिचे आहेत."

दादांनी गाडीची किल्ली उचलली. "कल्याणी, चल."

"तुम्ही व्हा पुढे," वहिनी जागच्या हलल्या नाहीत. "माझा बंदूक घेऊन कुंपण ओलांडायचा धडा राहिलाय. मला सुरुची सोडेल. आणि हो, भाजी गरम करून घ्या."

बाळासाहेब दादांना सोडायला दारापर्यंत गेले. राग मानू नका, असं ते म्हणाले नाहीत. "पुढच्या शनिवारी या. मीही परीक्षेला बसणार आहे, सोबत होईल," एवढंच म्हणाले. दादा गाडीत बसून निघून गेले. ते येतील की नाही, मला ठाऊक नाही. सोमवारी ऑफिसात सुरुचीच्या नवऱ्याला काय ऐकावं लागेल, तेही ठाऊक नाही. सुरुचीलाही ठाऊक नव्हतं. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "चला, कुंपण."

मुलांनो, मोठ्यांचा मान ठेवा. त्यांनी दिलेला लाडू खुशाल न तपासता खा. पण माझ्यासारखी कुणी दिसली तर हात लावू नका, मोठ्यांना हाक मारा. मोठे झालात, रीतसर शिकलात, की मला कुलपात ठेवा, तेलपाणी करा, माझी नळी कुणाकडे रोखू नका. आणि कुणी लाडात येऊन म्हणालं, "माझ्यावर विश्वास नाही का?" तर मान खाली घालू नका. खुशाल नाही म्हणा. तो रुसेल, चिडेल, तुमच्या दारातून निघून जाईल. जाऊ दे. रुसलेला माणूस निदान परत तरी येऊ शकतो.