खजुराच्या कोठीतले चाळीस दिवस

हारूनने कॅमेऱ्याची तिपाई खजुराच्या कोठीसमोर रोवली, तोच घरमालक झग्याचा काठ सारखा करत दारात येऊन उभा राहिला.

"असाच घे," मुंबईत मोती विकताना शिकलेल्या हिंदीत तो म्हणाला. "खाली लिही, पळालेल्या गुलामांना माझ्या आजोबांनी इथे आसरा दिला."

हारूनची बायको शहरबानू तिपाईशेजारीच उभी होती. खांद्यावरच्या दोन महिन्यांच्या लेकीला तिने घट्ट धरलं.

या फोटोचा हट्ट तिचाच. परवा हे घर पाडलं जाणार होतं. जुन्या कुवेतातल्या गल्ल्याच्या गल्ल्या सरकार विकत घेऊन सपाट करत होतं. आठवण म्हणून मालकाने कोरीव दरवाजे, दिवाणखाना सगळं टिपून घेतलं. आता फिल्मवर एकच फोटो उरला होता, आणि तो तिने जमिलासाठी मागून घेतला होता.

लेकीला तेल लावायला येणाऱ्या म्हाताऱ्या जमिलाने एका सकाळी सहज सांगितलं होतं. तिची आई याच घरातली गुलाम. एके दिवशी ती नाहीशी झाली. मालकाच्या आजोबाने चाबूक घेऊन बंदर पालथं घातलं, आणि ती होती त्याच्याच या खजुराच्या कोठीत, बाळंतीण स्वयंपाकिणीच्या खाटेमागे. बाळंतिणीच्या खोलीत चाळीस दिवस पुरुषाने पाऊल टाकायचं नाही. एकेचाळिसाव्या दिवशी बुरखा घेऊन ती इंग्रज वकिलातीच्या फाटकातून आत गेली आणि सुटकेचा कागद घेऊनच बाहेर आली.

आसरा दिला म्हणे! जमिला भिंतीशी उभी होती. मालकापुढे बोलायची तिला सवयच लावलेली नव्हती.

"गप रव गो, बानू," तिच्या चेहऱ्याकडे बघून हारून पुटपुटला. "माझा इथे राहायचा कागद याच्या भावाच्या हातात आहे."

शहरबानू गपच राहिली. पदर डोक्यावर ओढून ती सरळ मालकाच्या अंगावरून कोठीत शिरली आणि दाराकडे पाठ करून जमिनीवर बसली.

"लेकीला पाजायचंय," तिने आतूनच सांगितलं.

मालक विंचू दिसल्यासारखा मागे सरला, तोंड फिरवून अंगणाच्या पार टोकाला गेला. जमिला मात्र सावकाश आली. उंबऱ्यावर टेकली. गुडघ्यांवर हात ठेवून तिने मान वर केली.

"किती वेळ लागेल?" लांबून मालकाने विचारलं.

जमिलाने कॅमेऱ्यावरची नजर हलवली नाही.

"चाळीस दिवस," ती म्हणाली.

हारूनचा हात बटणावर थबकला. त्याने एकदा मालकाच्या पाठीकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याला डोळा लावला.

कोठीत खजुराचा जुना, आंबूस वास होता. शहरबानूने खटका ऐकला. मांडीवर लेक गाढ झोपली होती. तिला उठवायची काही गरज नव्हती.