दारावरचं लाल फडकं

"दाराला लाल फडकं असलं आणि बारा वाजून गेले, तर सरळ आत शिर. म्हातारा कितीही ओरडू दे," असं व्हर्डीकाकूंनी मला सांगितलं होतं. तेव्हा मला आठवा महिना होता आणि त्या अंथरुणाला खिळलेल्या. आजारी माणूस काहीबाही बोलतं म्हणून मी विषय बदलला. ऑक्टोबरात त्या गेल्या.

त्यांचे यजमान अर्लिसकाका आमच्या कुंपणापलीकडच्या खोपीत पन्नास वर्षं डल्सिमर बनवतायत. मांडीवर आडवं घेऊन वाजवायचं तारांचं वाद्य, लांबट, बदामाच्या आकाराची भोकं पाडलेलं. आमच्या खोऱ्यात भिंतीवर टांगलेली बहुतेक त्यांचीच. जोड ते फक्त सरसाने लावतात. गरम सरसाला गार वारा लागला की तो थिजतो नि जोड वाया जातो. म्हणून सरसाच्या दिवशी काका फटींत चिंध्या कोंबतात, धुराड्याला जोडलेली कोळशाची शेगडी पेटवतात आणि दाराला लाल फडकं बांधतात. मग कुणी हाक मारत नाही. पोस्टवाली लर्लीनसुद्धा टपाल कुंपणावर ठेवून जाते. दार उघडायच्या त्या एकट्या काकू.

जानेवारीत काकांनी काकूंचंच डल्सिमर दुरुस्तीला काढलं. लग्नाआधी त्यांच्यासाठी केलेलं, हातचं पहिलं. पाठ सुटली होती. दर दुरुस्तीला खरवडून पाठीची अक्रोडाची फळी इतकी पातळ झाली होती की आता एकदाच जोड धरेल, पुन्हा नाही. आदल्या संध्याकाळी त्यांनी ती उजेडासमोर धरून मला दाखवली.

सकाळी नऊला फडकं लागलं. एरवी बाराच्या आत निघतं. दीड वाजला तरी तिथेच. तीन महिन्यांच्या नीव्हाला खांद्यावर थोपटत मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हललेच नाही. शेवटी नवऱ्याला गॅरेजवर फोन केला.

"तुला शेजारचं कुत्रं शिंकलं तरी ॲम्ब्युलन्स लागते," ड्वेन म्हणाला. "म्हाताऱ्याला बायकोपाशी जरा बसू दे की."

खोटं नव्हतं. त्याच आठवड्यात नीव्हाच्या उचकीसाठी मी डॉक्टरांना तीनदा फोन केला होता. कॉलेजात नको तेवढं वाचलं, असं सासूबाई म्हणतात. एकदा तरी शहाण्यासारखं वागू म्हणून मी बटाटे सोलायला घेतले.

दुसराच बटाटा हातात होता. खोपीच्या धुराड्यातून धूर निघत नव्हता. पण बाहेर सगळं गोठलेलं असताना तिथली काच घामेजलेली होती. म्हणजे शेगडी पेटलेली होती. मग धूर कुठे जात होता?

नीव्हाला तशीच उचलून मी धावले. लर्लीन नेमकी टपाल ठेवत होती. पोर तिच्या हातात दिली तर तिने माझी बाहीच धरली.

"सरस लावतोय तो. व्हर्डीचं वाद्य आहे. जन्मभर तुझं तोंड बघणार नाही."

मी दार ठोठावलं. हाक मारली. उत्तर नाही, पण सरसाच्या दिवशी काका उत्तर देतच नाहीत. कडीवर हात ठेवून मी थांबले. किती वेळ, ते अजून सांगता येत नाही. मग ढकललं. खाली कोंबलेल्या चिंध्यांनी दार अडलं, पुन्हा ढकललं.

ते टेबलाखाली पडले होते. गाल लहान मुलासारखे गुलाबी. काखेत हात घालून मी त्यांना बर्फात ओढलं. लर्लीन नीव्हाला घेऊन माझ्या घरातून ॲम्ब्युलन्सला फोन करायला पळाली. बऱ्याच वेळाने त्यांना ओकारी झाली, डोळे उघडले.

"दार लाव गं पोरी," ते म्हणाले. "थिजतोय."

धुराड्यात खारीचं घरटं निघालं; कोळशाचा विषारी वायू खोपीतच कोंडला होता. दारातून आलेल्या गार वाऱ्याने सरस थिजला, डल्सिमरची पाठ कायमची सुटली. आता ते दोन तुकड्यांत कपाटावर असतं. काका तीन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. काल कुंपणापाशी म्हणाले, "पाच मिनिटं थांबली असतीस." डॉक्टरांच्या मते त्यांच्याकडे तेवढी नव्हती. ते मी त्यांना सांगितलं नाही.

तुमच्या ओळखीतही कुणीतरी असेल, ज्याचं दार बंद दिसलं की सगळे समजूतदारपणे मागे फिरतात. हे वाचून झालं की त्याच्याकडे एकदा जाऊन या.