काजूच्या बागेतला साप

जळकोट तालुक्यात काजूच्या बागा आहेत, हे मला चौतीस वर्षांच्या डॉक्टरकीत पहिल्यांदाच कळलं. सर्पदंशावरच्या एका लेखात लिहिलं होतं, की जळकोट-मुखेडच्या बहुतेक रुग्णांना काजू गोळा करताना साप चावला. आम्ही नांदेड-लातूरचे काही डॉक्टर मिळून एक संशोधनपत्रिका चालवतो. संपादक मी, म्हणजे वाचायचं मीच. चोरलेला मजकूर शोधणाऱ्या कॉम्प्युटरनं आठच टक्के साम्य दाखवून लेख पास केला होता. चोरानं शब्द फिरवले होते, काजू मात्र तसेच राहिले. मूळ लेख कोकणातला, दहा मिनिटांत सापडला. मला हसू आलं, मग कंटाळा आला.

लेखावर पहिलं नाव डॉ. बुद्धप्रियाचं, एम.डी.च्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. दुसरं तिच्या विभागप्रमुखाचं, डॉ. रेवणसिद्धांचं. तिला बोलावलं.

"सर, हे माझं न्हाई," ती म्हणाली. मोबाईलवर तिनं आपला मूळ मजकूर दाखवला. इंग्रजी मोडकंतोडकं, पण एकशेबारा रुग्ण खरे. सोयाबीन काढताना चावला, बाई दोन किलोमीटर चालत रस्त्याला आली. "सर म्हणाले, हे इंग्रजी लई गावंढळ दिसतंय, मी नीट करून देतो. न वाचताच सही केली मी."

रेवणसिद्धांना फोन केला. "पहिलं नाव पोरीचं हाय, तिलाच विचारा की!" म्हणाले आणि ठेवला. आमच्या वाङ्मयचौर्य समितीचे अध्यक्ष तेच. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हे. आणि मी त्या कुंपणाचा राखणदार. त्यांचे आधीचे सहा लेख मी न वाचता छापलेत. मला स्वतःची लाज वाटली.

शुक्रवारपर्यंत लेख स्वीकारल्याचं पत्र मिळालं नाही, तर बुद्धप्रियाला परीक्षेचा फॉर्म भरता येणार नव्हता. काजूची ओळ खोडून पत्र देणं पाच मिनिटांचं काम होतं. तिनंही ते ओळखलं होतं, पण मागितलं नाही.

मी लेख नाकारला. तिच्या डीनला सगळं कळवलं, मी छापलेले रेवणसिद्धांचे सहा लेखही तपासा म्हणून लिहिलं. तिला म्हणालो, "तुझं स्वतःचं लिहिलेलं पाठव. इंग्रजी मी बघतो. पण तपासणीला दोन महिने लागतील."

"म्हणजे ही परीक्षा हुकली. पुढचीपर्यंत सहा महिने गेले."

"गेले."

"जाऊ द्या सर. पण गावात म्हणतील, चोरी केली म्हणून थांबवली. बाबांना तुम्हीच सांगा." तिनं मुखेडला फोन लावून माझ्या हातात दिला.

"जयभीम साहेब!" पलीकडून आवाज आला. "झाली का आमची बुद्धप्रिया मोठी डॉक्टर?"

मी खुर्चीत सावरून बसलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.