गोजाबाईंची राखुंडी

महाळुंग्यात गोजाबाईंच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. जमीन कंपनीत गेली, गोठ्याच्या जागी भाडेकरूंच्या खोल्या झाल्या, पण म्हातारीचा आवाज होता तस्सा राहिला. वर्षभर त्या आवाजाला एकच विषय पुरला होता: चार वर्षांच्या नातीचे, उत्कर्षाचे, दात.

दात कसले, किडक्या मक्याचे दाणे! तपकिरी, खड्डे पडलेले. "आई कंपनीत आन् पोरगी बिस्किटावर," गोजाबाई सुनेला येता-जाता ऐकवायच्या. "आमी पाच लेकरं वाढवली, एकाचा दात काळा न्हाई." मंजुषा पहाटेच बस धरून पहिल्या शिफ्टला जायची. उलट बोलायचा तिचा स्वभावच नव्हता.

मग गोजाबाईंनी पदर खोचला. घरची राखुंडी, त्यात मीठ. रोज सकाळी पोरीला मांडीत दाबून बोटानं खसाखसा घासायच्या. मंजुषा एकदा "नको ना, रडते ती," म्हणाली, तर तिलाच चार शब्द पडले. मळ काही निघाला नाही. उलट पोरगी गार पाण्यानंही कळवळायला लागली, तेव्हा मंजुषानं सुट्टी टाकली आणि तिघी चाकणला दातांच्या डॉक्टर पूनमकडे गेल्या.

"जन्माच्या वेळी वजन किती होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

दाताचं विचारायचं सोडून हे काय, गोजाबाईंना वाटलं.

"दीड किलो," मंजुषा म्हणाली. "आठव्यातच झाली. बावीस दिवस पेटीत होती. मग न्यूमोनिया."

"तरीच. दातांवरचं कवच पोटातच बनायला लागतं, जन्मानंतरही बनत राहतं. नेमक्या त्याच दिवसांत बाळ जगायला झगडत असेल, तर ते कच्चं राहू शकतं. दातही उशिरा येतात. हा मळ नाही, ताई. आणि तुमची यात काही चूक नाही."

मंजुषाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. डॉक्टर पुन्हा वाकून बघायला लागल्या.

"पण हे कच्चं कवच कुणीतरी खरवडलंय. घासता कशानं?"

गोजाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मुलगा रोहिदास आणि मंजुषा पोरीला पाळणाघरात ठेवायचं बोलत होते, ते त्यांनी मागच्याच आठवड्यात भिंतीआडून ऐकलं होतं. आता हे कळलं की पोरगी गेलीच. मग दिवसभर भिंतींशी बोलत बसायचं.

"राखुंडीनं," मंजुषा खाली बघत म्हणाली. "मीच घासते."

सगळं स्वतःच्या अंगावर घ्यायची सवयच लागली होती सुनेला. आणि ती लावली कुणी? गोजाबाईंना स्वतःचीच शरम वाटली.

"खोटं बोलती ती!" त्यांचा आवाज बाहेरच्या बाकड्यापर्यंत गेला. "मी घासते, बाई. पोर रडत व्हती तरी घासत व्हते. आन् वर बोल हिलाच लावत व्हते. माजीच अक्कल शेण खायला गेलती."

डॉक्टरांनी एक मऊ, इवलासा ब्रश काढला, कसा धरायचा ते दाखवायला मंजुषापुढं केला. मंजुषानं हात मागं घेतला.

"आत्याबाईंना दाखवा," ती म्हणाली. "सकाळी घरी त्याच असतात. पुढंही त्याच असणारेत."

गोजाबाईंनी ब्रश हातात घेतला, पण डोळे असे भरले होते की त्यांना काही दिसेना.