तारेवरची हळद

माझ्या गॅरेजात येणाऱ्याला मी आधी चार शब्द सुनावतो आणि मग बॉनेट उघडतो. तीस वर्षांची खोड, आता काय सुटणार? लोह्याच्या अलीकडे कुणालाही ताहेर मिस्तरीचं दुकान विचारा, रस्ता दाखवतील आणि वर 'जरा जपून बोला' असंही सांगतील.

त्या दिवशी सकाळी चाकूरचा रामलिंग पांढरी पिकअप घेऊन आला. दसरा होऊन आठवडा झाला होता. शिवारात सोयाबीनची मळणी चालली होती आणि भुसकटाचा धुरळा रस्त्यावर तरंगत होता. उन्हात तो इतका सोनेरी दिसत होता, की मी घटकाभर शिव्या द्यायचं विसरलो. पुढच्या सीटवर रामलिंगची आई बसली होती, केवळाबाई. हिरवं लुगडं, मांडीवर नारळाची पिशवी, डोळे मिटलेले. मला वाटलं, म्हातारीला डुलकी लागली आहे.

"चाचा, चढ आला की गाडी दम सोडती," रामलिंग म्हणाला. "सपाटीला काई न्हाई. दोन बार माहूरला गेलो, चैतात अन् आता नवरात्रात. दोन्ही बारीला गडाच्या घाटातून माघारी. डिझेल फिल्टर बदलला, नोजल साफ केले, कायबी फरक न्हाई."

"मग खाली गाडी लावायची, ऑटो करायचा. डोस्कं हाय का न्हाई?"

रामलिंगनं मला बाजूला घेतलं. आईला काचबिंदू होता. कडेचं दिसणं कधीच गेलं होतं, मधोमध रुपयाएवढी जागा तेवढी उरली होती. लातूरच्या डॉक्टरांनी मागच्या दिवाळीला सांगितलं होतं, वर्षभर टिकली तर टिकली. ती जायच्या आत म्हातारीला रेणुकाआईचं मुख बघायचं होतं. वापरली की नजर सरते असं तिनं मनाशी धरलं होतं, म्हणून वर्षभर ती डोळे मिटूनच वावरत होती. उरलेलं सगळं देवीसाठी राखून ठेवलेलं.

"असं काई नसतं म्हनून डॉक्टरनं सांगितलं, मी सांगितलं. ऐकंल तर शपथ."

तेवढ्यात गाडीतून आवाज आला. म्हातारी जागीच होती. "ऑटोनं कशी जाऊ, बाबा? आईच मला वर येऊ देत न्हाई. दोनदा आडीवलं तिनं. कायतरी चुकलंय माझं. तिनं दार लावलं अन् मी दुसऱ्याच्या गाडीतून चोरून जाऊ व्हय?"

मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं. मला असा राग आला की विचारू नका. देवीवर रागवायचा मला अधिकार नाही, डॉक्टरवर रागवून उपयोग नाही. राहता राहिलं इंजिन.

मी स्कॅनर लावला, गाडी रेस केली. इंजिन भरभरून हवा ओढत होतं आणि आकड्यात तिच्या निम्मीच दिसत होती. तेव्हाच मला चोर सापडला.

एअर फिल्टरच्या डब्यातून इंजिनकडे जाणाऱ्या नळीत एक सेन्सर असतो. त्याच्या आत केसाएवढी तार. करंट तिला तापवत राहतो, आत शिरणारी हवा तिला गार करत राहते. त्या गारव्यावरून गाडीच्या कॉम्प्युटरला कळतं की हवा किती आली, आणि तेवढंच डिझेल तो सोडतो. तारेवर मळ बसला की तिला वारा लागत नाही. कॉम्प्युटरला वाटतं हवाच कमी आहे, आणि तो हात आखडता घेतो. सपाटीला भागून जातं, घाटात पितळ उघडं पडतं.

दोन स्क्रू काढून सेन्सर बाहेर घेतला. तार पिवळी! काळा मळ मी बघितलाय, मातीचा लाल बघितलाय, फिल्टरला तेल चोपडणाऱ्या शहाण्यांचा चिकटाही बघितलाय. पिवळा कधी नाही. डबा उघडला तर फिल्टरच्या वर, स्वच्छ हवेच्या बाजूला, लाल कापडाची पुरचुंडी दोऱ्यानं बांधलेली. हादऱ्यांनी सैल झालेली. आत हळद.

"कोन्या गाढवानं ठेवलं हे?" मी ओरडलो. "अन् रामलिंग, वर्षभर हा डबा उघडून बघितला न्हाईस?"

"मी ठिवली," केवळाबाई म्हणाली.

मागच्या दसऱ्याला रामलिंग गाडी धूत होता, फिल्टर झटकत होता. तिनं विचारलं, हे काय रे? तो म्हणाला, हे गाडीचं नाक, आई, हितून ती दम घेती. "मंग म्हन्लं, माहूरच्या आईची हळद नाकापशी ऱ्हाऊ द्यावी. दम घेईल तवा आईचं नाव घेईल. हा हात धुवाया गेला अन् मी बांधली."

रामलिंग मला डोळ्यांनी खुणावत होता, सांगू नका म्हणून. खोटं माझ्या जिभेवर तयार होतं. वायर ढिली होती म्हणालो असतो तर भागलं असतं. पण माझी जीभ माझ्या बापाचंही ऐकायची नाही.

"मावशी, देवीनं न्हाई आडवलं तुम्हाला. तुमच्या हळदीनं आडवलं. उडून तारेवर बसली, गाडीला हवा कळंना झाली."

रामलिंगनं कपाळाला हात लावला.

"म्हंजी आईनं न्हाई?"

"न्हाई."

"मीच?"

"हाव, तुम्हीच."

म्हातारी हसायला लागली. हसता हसता रडली, पुन्हा हसली. "मीच की गं बाई! मीच!" स्वतःची चूक माणूस पदरात घेऊ शकतो, आईनं लावलेलं दार नाही. मला फार बरं वाटलं. तीस वर्षांत माझ्या फटकळपणानं कुणाचं भलं झालेलं मला आठवत नाही.

डबा पुसून काढला, फिल्टर नवा घातला. रामलिंग तार पुसायला दस्ती घेऊन पुढे आला, त्याच्या हातावर चापट दिली. त्या तारेला बोट लावायचं नाही, फडकं लावायचं नाही, हवेचा पाइप मारायचा नाही. तिच्यासाठी वेगळा स्प्रे मिळतो, तो लांबूनच मारायचा आणि सावलीत सुकू द्यायची. पिवळं पाणी थेंबाथेंबानं गळून गेलं. ती सुकेपर्यंत आम्ही तिघं लिंबाखाली बसलो होतो आणि धुरळा आमच्यावरून हळूहळू वाहत होता.

घाट चढल्याशिवाय दुरुस्ती खरी नाही. मी शटर ओढलं आणि त्यांच्याबरोबर निघालो.

गोदावरी मागे पडली, नांदेड मागे पडलं, भोकरही गेलं. मांडीवरच्या स्कॅनरवर आकडे चढत होते, उतरत होते, आणि मी अर्धवट झोपेत होतो. मध्येच केवळाबाई खिडकीकडे गाल करून म्हणायची, "पानी आलं का रे जवळ?" आणि खरंच तळं असायचं. "आता सागाचं रान." डोळे उघडून बघावं तर किनवटच्या पुढचं रान, सागाची पानं काचेवर सावल्या टाकत जाणारी. ती मला शिवारं दाखवत होती की मी स्वप्नात होतो, सांगता येणार नाही.

गडाचा घाट आला तशी झोप उडाली. रामलिंगनं दुसरा गिअर टाकला आणि ओठ आवळले. आकडा चढला, आणखी चढला. जिथून ते दोनदा मागं फिरले होते ते वळण आलं आणि गेलं. पिकअप वर जाऊन थांबली.

पायऱ्या चढून दोघं दर्शनाला गेली. मी गाडीला टेकून बसलो. तासा-दीड तासानं परतली तेव्हा केवळाबाईचे डोळे उघडे होते. तपकिरी, पाणीदार डोळे. मी ते पहिल्यांदाच बघत होतो.

"दिसली का, मावशी?"

"दिसली. समदी एकदम मावली न्हाई. आदी कपाळ बगितलं, मंग डोळं, मंग इड्यानं भरलेलं तोंड. पुजारी पुढं व्हा म्हनत व्हता. मी हालले न्हाई."

तिचं काम झालं होतं. आता ती डोळे मिटेल असं मला वाटलं. पण तिनं मान वळवली, रामलिंगची हनुवटी धरली आणि त्याचा चेहरा खाली ओढून घेतला. त्या रुपयाएवढ्या जागेत त्याला आणायला तिला वेळ लागला.

"केस कवा पांढरे झाले रे तुजे?"

"ह्याच वर्सात, आई."

"अन् मी डोळे झाकून बसले," ती म्हणाली.

मी उगाच बॉनेट उघडलं आणि त्याच्याआड तोंड लपवलं. सेन्सरला काही झालेलं नव्हतं. पलीकडून तिचा आवाज येत होता.

"हालू नगंस. आजून कान राह्यल्यात."