रिकामं आलेलं जाळं

मित्रांनो, जवळ या, पण वासाने नाक मुरडू नका. मी मासेमारीचं एक जुनं जाळं आहे. दोन भावंडांच्या बापाने मला स्वतःच्या हातांनी विणलं. तो गेल्यावर धाकटा भाऊ मला घेऊन समुद्रावर जाऊ लागला आणि थोरली बहीण बाजारात मासळी विकू लागली.

काय दिवस होते ते! वारा नेमाने वाहायचा. त्याच्या जोराने तळाचं थंड पाणी वर यायचं आणि येताना शेतातल्या खतासारखं पोषण आणायचं. त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या इवल्या वनस्पती वाढत आणि पाणी हिरवट होई. त्या खायला मासळीच्या झुंडी येत. ताई कौतुकाने म्हणायची, "हे जाळं म्हणजे आमच्या घरातलं कर्तं माणूस!"

मग एका वर्षी वाऱ्याने दगा दिला. थंड पाणी खालीच अडकलं. वरच्या पाण्यात खायला काही उरलं नाही, तशी मासळी दूर निघून गेली. मला हे अंगाला कळत होतं, पण सांगायला तोंड कुठे होतं?

इकडे ताईच्या मनात पाल चुकचुकली. शेजारच्या होडीवाल्याने तेल ओतलं, "तुझा भाऊ भरसमुद्रातच दुसऱ्याला माल देत असेल." झालं! ताई होडीचे कोपरे धुंडाळू लागली. भावाच्या पायात नवी चप्पल दिसली तरी तिच्या भुवया वर जात. शेवटी तिने त्याला भरबाजारात गाठलं.

"मासळी जाते कुठे रे? वाटेत पाय फुटतात तिला?"

भावाचा चेहरा पडला. "एवढा संशय आहे ना? मग उद्या तूच चल."

ती खरंच आली. मी पुन्हा पुन्हा पाण्यात उतरलं आणि मूठभर मासळी घेऊन वर आलं. ताईने पाण्यात हात घातला.

"अगं बाई, हे तर कोमट आहे! थंड पाणी वर आलंच नाही!"

भाऊ मला गोळा करू लागला. 'चुकले' हा शब्द ताईच्या तोंडून निघाला नाही. दुसऱ्याच दिवशी तो परक्या होडीवर कामाला लागला आणि ताई स्वतःच मला समुद्रावर नेऊ लागली.

पुढच्या मोसमात वारा फिरला आणि मी पुन्हा ओसंडून भरलं. ताईने निवडक मासळीची टोपली भावापुढे धरली. "पोरांसाठी घरी ने."

"आधी चार माणसांसमोर मोजून घे," तो म्हणाला. "उद्या कमी भरली, तर पुन्हा चोर मीच!"

ताई साऱ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "माझा भाऊ चोर नव्हता. मीच चुकले!"

भावाने टोपली घेतली. होडीवर मात्र तो परतला नाही.

मित्रांनो, समुद्राने हात आखडला की आधी त्याचं दुखणं विचारा. घरच्या माणसावर बोट रोखायची घाई करू नका. आता मला ओढताना ताईच्या समोर मजुरीवरचा गडी असतो. तो कामाला चोख आहे. पण ओढता ओढता ताई काही बोलली, तर तो नुसता 'हो' म्हणतो.